मिस्त्रींचा कान

खोली बघायला गेले तेव्हा मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या हातातल्या छत्रीकडे बघितलं. वडिलांची जुनी छत्री होती ती, लाकडी मुठीची. त्यांनी ती मागून घेतली, मूठ कानाशी धरली, बोटाच्या पेरानं दोनदा ठोकली आणि परत दिली.

"आत चीर हाय," ते म्हणाले. "भायरनं दिसंना, पण हाय. जपून वापरा, बाई."

मी शाळेत चित्रकला शिकवते हे खोली दाखवणाऱ्या माणसानं त्यांना आधीच सांगितलं होतं, त्यामुळं मी पहिल्या मिनिटापासून 'बाई' झाले आणि ते माझ्यासाठी 'मिस्त्री'. पुढं तीन वर्षं आम्ही एकमेकांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नाही.

घर उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत होतं. खाली पत्र्याचं शेड, शेडला लागून त्यांची खोली, आणि वर माझी. मिस्त्रींचं उभं आयुष्य कारखान्यात लोखंड कातण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारात निघालेलं एक लेथ मशीन, तुकडा गरगरा फिरवत कातायचं, घरी आणलं, स्वतःच दुरुस्त केलं आणि त्यावर लाकडाचे वाडगे करायला लागले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी वारणानगरला दिलेली. ती महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जायची.

खोलीच्या अटी त्यांनी उभ्या-उभ्याच सांगितल्या. कॉटखाली आणि माळ्यावर त्यांचे वाडगे वाळत राहणार, ते हलवायचे नाहीत. पावसाळ्यात ओले कपडे खोलीत वाळत घालायचे नाहीत. पंखा एकवर ठेवायचा. आणि शिमगा झाला की मिरगाचा पाऊस पडेपर्यंत पूर्वेची खिडकी उघडायची नाही.

"अगदी उकडलं तर?" मी विचारलं.

"उकडू दे की. माणसाला उकडल्यालं चालतंय. लाकडाला न्हाय."

मला वाटलं, म्हातारा विक्षिप्त आहे, पण निरुपद्रवी. खोली हवेशीर नव्हती, पण शाळेला जवळ होती. मी राहायला आले.

मग हळूहळू कळत गेलं की हा माणूस सतत घाबरलेला आहे. वरून तो घाबरट दिसायचा नाही. उंच, रुंद हाडाचा, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. पण त्याचं सगळं वागणं एकाच भीतीवर उभं होतं. लाकूड फाटेल, ही ती भीती.

रस्ता रुंदीकरणात झाड पडलं, वादळात कुणाच्या परड्यातला फणस कोसळला, की मिस्त्री टेंपो घेऊन हजर. ओंडका ओला असतानाच उभा चिरायचा, मधला गाभा काढून टाकायचा. "चीर गाभ्यातनंच निघती. गाभा ठेवलासा की झालं," असं ते म्हणायचे. मग ओल्या लाकडाचाच वाडगा कातायचा, पण जाड ठेवायचा. फूटभर रुंद वाडग्याची भिंत सव्वा इंच. काठाला मेण फासायचं, वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि वर्षभर सावलीत ठेवून द्यायचा. तेवढ्या वर्षात वाडगा हळूहळू पाणी सोडतो, वाकडा होतो, लांबुळका होतो. पूर्ण वाळला की पुन्हा मशीनवर चढवून गोल करायचा, पातळ करायचा. मग तो कायमचा.

दर शुक्रवारी नमाजहून आले की ते वर यायचे, दार वाजवायचे आणि एकेक वाडगा काट्यावर ठेवून वजन बघायचे. बुडावर पेन्सिलीनं आकडा लिहायचे. महिनाभर वजन उतरलं नाही की लाकूड वाळलं. तोपर्यंत त्याच्याजवळ मोठ्यानं बोललेलंही त्यांना चालायचं नाही. वाळत्या वाडग्याला ते कधी ठोकायचेही नाहीत. ठोकायचं ते मशीनवर चढवल्यावर.

"झाड तोडलं म्हंजे लगीच मेलं असं नसतंय, बाई. त्येला मरायला वरीस लागतंय. तवर त्येला आपलं सगळं कळतंय."

मी हसले. ते हसले नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात माझंही हसणं बंद झालं. रविवारची दुपार होती. मी कॉटवर बसून मुलींच्या चित्रवह्या तपासत होते आणि कॉटखालून आवाज आला, 'टक'. बोट मोडल्यासारखा, कोरडा. मी पाय वर ओढून घेतले. पाल असेल, उंदीर असेल, असं म्हणेपर्यंत जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. खाली मशीन चालू होतं, तरी त्यांना तो ऐकू आला होता.

ते आत आले, जमिनीवर बसले आणि एकेक कागद उलगडायला लागले. सातवा की आठवा वाडगा जांभळाचा होता. काठापासून बुडापर्यंत केसाएवढी रेघ. त्यांनी तो छातीशी धरून खाली नेला, अंगणात ठेवला आणि कुऱ्हाडीनं त्याचे चार तुकडे केले. माझ्या डोळ्यांदेखत. सहा महिने जपलेला वाडगा.

"अहो, एवढीशी तर चीर होती," मी वरून म्हणाले. "भरून घेतली असती."

त्यांनी मान वर करून बघितलं. "भरल्याली चीर लय वंगाळ, बाई. ती दिसत न्हाय. मशिनवर चढंस्तवर गप बसती."

मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं की तुम्ही काय बघितलंय, कारखान्यात काही झालं होतं का. गल्लीत नाना गोष्टी ऐकू यायच्या. कुणी म्हणायचं, त्यांच्या शेजारच्या कामगाराचा डोळा गेला. कुणी म्हणायचं, भाऊ गेला. मिस्त्रींनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "कुणी न्हाय गेलं. भ्यायला कारण लागतंय व्हय?"

दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याकडं कातकाम शिकायला लागले. शाळा सुटल्यावर तासभर. पटाशी कशी धरायची याच्या आधी त्यांनी मला कुठं उभं राहायचं ते महिनाभर शिकवलं. फिरत्या लाकडाच्या समोर कधीच नाही, नेहमी एका बाजूला. आणि मशीन चालू करण्याआधी ठोकायचं. ते ठोकायचे, मला ऐकायला लावायचे. चांगल्या लाकडाचा आवाज मोकळा येतो, घागरीसारखा. चिरलेल्याचा बसका. मला दोन्ही सारखेच वाटायचे. ते कधी चिडले नाहीत. म्हणाले, "मला बारा वरसं लागली. तुमाला घाई कशाची?"

आता जे सांगायचं आहे ते सांगते.

माझ्या कॉटखाली सगळ्यात आत, भिंतीला टेकून, फणसाची एक काठवट होती. भाकरीचं पीठ मळायची, चांगली दीड फूट रुंद. शाहूवाडीकडचं झाड, हळदीसारखं पिवळं लाकूड. मुलीनं मागितली होती. चौदा महिने वाळत होती आणि शेवटचे तीन शुक्रवार तिचं वजन उतरलं नव्हतं. अजून एक शुक्रवार, की मग मशीनवर चढवायची.

चैत्र लागला होता. मिस्त्री दोन दिवसांसाठी शाहूवाडीला गेले, कुणाचं तरी जांभळाचं झाड तोडणार होते ते बघायला. जाताना मला फक्त "खिडकी" एवढंच म्हणाले. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत श्वास घेववेना. डोक्यावरचा पत्रा तापलेला, अंगाला घामाच्या धारा. दहा मिनिटं, मी स्वतःला म्हणाले. आणि पूर्वेची खिडकी उघडली. कोरडं, कढत वारं आत आलं, पण वारं तरी आलं. मी कॉटवर पडले आणि मला झोप लागली.

त्या आवाजानं जाग आली. टक.

मी उठून खिडकी लावली. मग जमिनीवर बसले. बराच वेळ कॉटखाली हात घालायचा धीर होईना. शेवटी काठवट ओढली, कागद काढला. काठाला एक बारीक गाठ होती, तिच्यापासून खाली चार बोटं चीर गेली होती.

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. फोन करायला हवा होता. पण डोळ्यांसमोर अंगण आलं, कुऱ्हाड आली, त्यांचं तोंड आलं. मी खाली शेडमध्ये गेले. फणसाचा बारीक भुसा होता, नखाएवढ्या ट्यूबमधला झटकन चिकटणारा गोंद होता. भुसा चिरेत दाबला, गोंद सोडला, घासलं, वर मेण फासलं. चित्रकलेच्या बाईचा हात. रंग असा जुळला की मलाच रेघ सापडेना. पुन्हा कागदात गुंडाळून जागेवर ठेवली.

मिस्त्री परत आले. शुक्रवारी वर आले, वजन केलं, तेवढंच भरलं. काठवट उचलून खाली घेऊन गेले. मी दारात उभी होते. "मिस्त्री," मी म्हणाले. ते थांबले. "काय, बाई?" मी म्हणाले, "चहा घेणार?"

रविवारी सकाळी त्यांनी ती मशीनवर चढवली. मी गेले नसते तरी चाललं असतं, पण मला घरात बसवेना. शेडमध्ये जाऊन त्यांच्यामागं, एका बाजूला उभी राहिले. आत्ता सांगू, आत्ता सांगू, असं मनात म्हणत होते.

त्यांनी कान जवळ नेला आणि पेरानं ठोकलं. थांबले. थोडं फिरवून पुन्हा ठोकलं. मग तीन वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. माझ्याकडं वळून विचारलं.

"जरा बसका वाटतोय न्हवं? का मलाच वाटतोय? तुमाला कसा ऐकू येतोय, बाई?"

माझ्या तोंडातून शब्द निघाले, "मोकळा आहे की."

"व्हय?"

"हो."

त्यांनी मान डोलावली आणि मशीन चालू केलं.

ते मला शिकवायचे तसेच उभे होते, डोकं आणि छाती बाजूला. पटाशी टेकवली. पिवळा भुसा उडायला लागला. काठवट फिरत होती, आणि फिरताना तिचा काठ धूसर दिसत होता, त्यामुळं रेघ दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी बघत होते. घुमण्याचा आवाज एकसारखा येत होता. मग त्यात बारीकशी खरखर आली. मी तोंड उघडलं. तेवढ्यात काठवट फुटली.

अर्धी छताच्या पत्र्यात जाऊन बसली. उरलेली त्यांच्या पुढं केलेल्या उजव्या हातावर आली. मी धावून बटण बंद केलं तेव्हा ते खाली बसले होते, हात मांडीवर घेऊन. मनगटाच्या वर हात जिथं वाकायला नको तिथं वाकला होता. ते ओरडले नाहीत. रिक्षात, दवाखान्यात, एकच वाक्य परत परत म्हणत होते, "मला ऐकू कसं न्हाय आलं?"

हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर घालत असताना त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, हाताचं ऱ्हाऊ दे. माजं कान बगा."

डॉक्टरांना वाटलं, भ्रम झालाय. पण मिस्त्रींनी ऐकलं नाही. चार दिवसांनी कानाची तपासणीही करून घेतली. वयाच्या मानानं कान उत्तम आहेत, असं सांगितलं. मिस्त्री बाहेर येऊन मला म्हणाले, "त्येंच्या यंत्राला काय कळतंय."

मुलगी वारणानगरहून येऊन राहिली. ती सरळ स्वभावाची बाई, बापावर जीव असलेली. तिनं मला जवळ घेऊन रडत सांगितलं, "बाई, तुमी हुता म्हणून वाचले. आता वय झालं त्यांचं. ऐकू येत न्हाय, कबूल करत न्हाईत." माझ्या पाठीवरून तिचा हात फिरत होता आणि मी तशीच उभी राहिले.

ते दोन आठवडे मला आयुष्यात पुन्हा नकोत. मिस्त्री प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून घरभर फिरायचे आणि डाव्या हाताच्या पेरानं जे दिसेल ते ठोकायचे. दार, पाट, कपाट, चहाचा कप. ठोकायचे, कान लावायचे आणि मुलीला नाहीतर मला विचारायचे, "ह्यो चांगला हाय का फुटका?" त्यांना आता घागरीचा आवाजही खात्रीनं सांगता येईना. एकदा जिन्यावर भेटले तर म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाय, बाई. तुमचा कान नवा. मी तुमाला इचारलं, तितंच चुकलं. इचारायची पाळी आली म्हंजेच माजा कान गेला हुता."

आणि मग मुलीनं मशीन विकायचं ठरवलं. त्यांनी विरोध केला नाही. "घिऊन जाऊ दे," म्हणाले. "भैऱ्या माणसानं मशिन चालवू ने." त्यांना ती वारणानगरला नेणार होती. सोमवारी माणूस मशीन बघायला येणार होता.

रविवारी सकाळी मी खाली गेले. मुलगी भाकरी थापत होती, स्टीलच्या परातीत. मिस्त्री बाजेवर बसले होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले, कारण आत जाऊन बसले असते तर बोलता आलं नसतं.

"मिस्त्री, काठवटीत चीर होती. तुम्ही शाहूवाडीला गेला तेव्हा मी खिडकी उघडली होती. चीर पडली आणि मी ती भरली."

मुलीचा हात परातीत थांबला. मिस्त्री माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता तो मोठा आवाज निघेल. निघाला नाही.

"कुठं हुती चीर?" त्यांनी हळूच विचारलं.

"काठाला. गाठीपाशी."

"किती?"

"चार बोटं."

"भुसा कसला भरला?"

"फणसाचाच."

"आणि आवाज?" ते उठून उभे राहिले. "मी ठोकलं तवा आवाज बसका हुता का न्हवता? खरं सांगा."

"मला तेव्हा कळत नव्हतं, मिस्त्री. पण चीर तिथं होती. तो बसकाच असणार."

"मला बसकाच ऐकू आला हुता."

"हो. तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं. मी खोटं बोलले."

ते पुन्हा बाजेवर बसले. त्यांनी डोळे मिटले, तोंडावरून डावा हात फिरवला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आलेले मी बघितले. मग मुलीकडं वळून म्हणाले, "त्या माणसाला फोन कर. मशिन द्यायचं न्हाय म्हणावं."

मुलगी उठली. हाताला पीठ तसंच. "अब्बा, तुमचं डोस्कं फुटलं असतं. हिनं बघत उभं राहून—" तिनं माझ्याकडं बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाई, तुमी खोली सोडा."

मी मिस्त्रींकडं बघितलं. त्यांनी मान खाली घातली. मला राग आला नाही.

मी राजारामपुरीत दुसरी खोली घेतली. मिस्त्रींचा हात जुळला, पण मनगट पहिल्यासारखं फिरत नव्हतं. तरी त्यांनी काम सुरू केलं, लहान वाडग्यांचं. हे मला गल्लीतून कळलं. पहिल्यांदा भेटायला गेले ती शाळा सुटल्यावरची वेळ. मशीन चालू होतं. मी शेडच्या दारात दिसले आणि त्यांनी बटण बंद केलं.

"या, बाई," म्हणाले. खुर्ची पुसून दिली. चहा केला, डाव्या हातानं ओतला. शाळेचं विचारलं, आजऱ्याला माझी आई कशी आहे ते विचारलं. कुठं टोमणा नाही, कुठं अढी नाही. मशीनवर अर्धवट कातलेला वाडगा तसाच होता. अर्धा तास झाला तरी त्यांनी त्याला हात लावला नाही. मी म्हणाले, "तुमचं काम चालू द्या, मी बसते." ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. काय घाई न्हाय."

पुढच्या वेळीही तसंच झालं. आणि त्याच्या पुढच्या वेळीही. मी शेडमध्ये असताना त्यांनी ते मशीन कधी चालू केलं नाही.

मी अजून जाते, महिन्यातून एकदा. चहा घेते, निघते. गल्लीच्या टोकाला पोचले की मागं मशीन सुरू होतं. मी तिथंच पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लागून उभी राहते. आवाज ऐकते. मला आता थोडं कळतं. त्यात खरखर येत नाही ना, एवढंच ऐकते. त्यांनी बटण बंद केलं आणि फिरणं थांबलं, की मग रिक्षाला हात करते.